सुटी स्वस्तात, पण कोणाच्या श्रमावर?

(झाशी येथे कामगार कुटुंबांच्या उन्हाळी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



युनियनच्या व्यासपीठावरून आपण नेहमी महागाई भत्त्यावर बोलतो, पेन्शनवर बोलतो, बदल्या आणि ठेकेदारी यांवर बोलतो. आजचा विषय त्या मानाने हलका वाटेल. उन्हाळ्याची सुटी थोड्या पैशात आनंदाने कशी घालवावी, यावर बोलण्याची आज्ञा आम्हाला झाली आहे. महिनाअखेर गाठताना ज्यांची ओढाताण होते त्यांच्यापुढे सुटीच्या गप्पा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु विचार केल्यावर आम्हाला असे दिसले की, हा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपासून फार लांबचा नाही. पगार, रजा, कामाचे तास आणि श्रमाची वाटणी हे सगळे प्रश्न सुटीतही आपल्याबरोबर येतात. म्हणून आम्ही तो मनापासून घेतला आहे.

सुटी ही कोणी खुशीने दिलेली बक्षिसी नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामगाराला आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले, सभा भरवल्या, अर्ज केले. रविवार हा खंडोबाचा वार आहे, तो आमच्या माणसाला मोकळा मिळालाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. अखेर १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. आज आपली मुले रविवारी उशिरापर्यंत झोपतात, त्या झोपेमागे लोखंड्यांची मेहनत आहे.

वर्षाच्या पगारी रजेचेही तसेच आहे. १९३६ साली फ्रान्समध्ये मोठे संप झाले. कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले. त्याच वर्षी जून महिन्यात तेथे कायदा झाला आणि कामगाराला वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी सुटी मिळाली. पण सुटी मिळाली तरी गाडीभाड्याला पैसे कोठून आणणार? तेव्हा लेओ लाग्रांज या मंत्र्याने कामगारांसाठी ४० टक्के सवलतीचे रेल्वे तिकीट काढले. त्या पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे सहा लाख लोकांनी ते घेतले. आयुष्यभर समुद्र न पाहिलेली माणसे पोराबाळांना घेऊन समुद्रावर गेली. रजेचा हक्क आणि ती रजा उपभोगण्याची सोय, या दोन्ही गोष्टी मिळाल्या तरच सुटी खरी होते, हे तेथील कामगारांनी ओळखले होते.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत ही २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आली आहे. नव्या संहितांविषयी कामगार चळवळीत मतभेद आहेत आणि त्यांवर आपण इतर ठिकाणी बोलतच असतो. पण कायद्याच्या पुस्तकात जो हक्क लिहिला आहे तो माहीत करून घेणे आणि पदरात पाडून घेणे, हे प्रत्येक कामगाराचे काम आहे. रजा शिल्लक ठेवून शेवटी पैसे घेऊ, असे म्हणणारे अनेक आहेत. पैसे उपयोगी पडतात, हे खरे. पण मुलगा दहा वर्षांचा असताना त्याच्याबरोबर घालवायचे आठ दिवस निवृत्तीनंतर कोणी परत देत नाही.

आता आपल्या झाशीकडे वळू. येथे मराठी माणूस दोन वाटांनी आला. पहिला आला पेशवाईत. नाशिकला ज्यांच्या नावाची घंटा प्रसिद्ध आहे ते नारोशंकर १७४२ च्या सुमारास येथे सुभेदार झाले. ओरछ्याच्या वीरसिंह देवाने १६१३ साली बांधलेला किल्ला त्यांनी वाढवला. त्या वाढीव भागाला शंकरगड म्हणतात. पुढे नेवाळकर आले आणि त्यांच्याबरोबर अनेक मराठी घराणी येथे रुजली. दुसरी वाट रेल्वेची. येथील वर्कशॉप १८९५ पासून चालू आहे. जी.आय.पी. रेल्वेची मध्य रेल्वे झाली, आणि ३१ मार्च २००३ पर्यंत झाशी विभागाचा कारभार मुंबईहूनच चालत असे. त्यामुळे भुसावळ, नागपूर, मुंबईकडची माणसे बदलीने झाशीला येत आणि झाशीची तिकडे जात. पुढे विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला, डिसेंबर २०२१ मध्ये स्टेशनचेही नाव बदलून वीरांगना लक्ष्मीबाई झाले. पण येथे घर केलेली माणसे येथेच राहिली. त्यांच्या मुलांची शाळा हिंदीत, बाजार बुंदेलीत आणि देवघर मराठीत चालते.

अशा घरांत उन्हाळ्याची सुटी म्हणजे गावी जाणे, हे ठरून गेलेले असते. मे महिना आला की आमच्या वसाहतींतून ट्रंका बाहेर निघतात. पंजाब मेल तर १९१२ पासून मुंबईला जोडणारी. झेलमने मनमाड, दौंड, पुणे गाठता येते. रेल्वे कामगाराला पास आहे, पाच वर्षे सेवा झाली की वर्षाला पासचे तीन संच मिळतात, आणि पीटीओवर तिसरा हिस्सा भाडे भरून जाता येते. म्हणून शेजारीपाजारी म्हणतात, तुमचे बरे आहे, तुमचा प्रवास फुकटात.

हे बोलणे अर्धेच खरे आहे. पास आपल्याला गाडीत बसवतो आणि गाडीतून उतरवतो. स्टेशनापासून गावापर्यंतची जीप पासवर चालत नाही. भाचरांचे कपडे, वहिनीची साडी, वाटेत निघालेले लग्न आणि त्याचा आहेर, देवदर्शनाची गाडी, हे सगळे खिशातून जाते. चारचौघांत कमीपणा नको म्हणून उसनवार होते. आठ दिवसांच्या मोठेपणासाठी आठ महिने हप्ते फेडणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तेव्हा पहिली सूचना साधी आहे: सुटीसाठी कर्ज काढू नका. जून ते मार्च या दहा महिन्यांत दरमहा पाचशे रुपये बाजूला टाकले तर पाच हजार होतात. ते पोस्टात ठेवा, भिशीत ठेवा किंवा डब्यात ठेवा, पण सुटी त्या आकड्यात बसवा. आहेराचे बजेट घरातून निघतानाच ठरवा आणि गावच्या माणसांना मोकळेपणाने सांगा. भावाला बहिणीच्या येण्याचे अगत्य असते, पिशवीचे वजन तो करत नाही. आणि जो करत असेल त्याच्याकडे दोन दिवस कमी राहावे.

दुसरी सूचना तारखांची. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडते. पूर्वी ते १२० दिवस होते. म्हणजे मेच्या अखेरीस निघायचे असेल तर मार्च संपतानाच रजेचा अर्ज हातात असला पाहिजे. आयत्या वेळी तत्काळचे जादा पैसे भरण्यात सुटीचे दोन दिवस बुडतात. ज्यांना पास नाही त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एप्रिल २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडे पडते, बर्थ न घेता अर्धे भाडे चालते. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्याची झळ आजी-आजोबांना बरोबर नेणाऱ्या घरांना बसली. आजी घरी राहिली की तिच्यापाशी कोणीतरी राहावे लागते. आणि कोण राहते, ते येथे बसलेल्या बायकांना विचारा.

बंधूंनो, आमच्या भाषणाचा खरा मुद्दा येथून सुरू होतो.

स्वस्तात सुटी कशी करावी, असे विचारले की सगळेजण एकच उत्तर देतात. हॉटेलात राहू नका, नातेवाइकांकडे राहा. बाहेर खाऊ नका, घरचे खा. विकतचे घेऊ नका, घरी करा. सल्ला चांगला आहे. आम्हीही तोच देणार आहोत. पण त्याचा हिशेब पुरा मांडला पाहिजे. हॉटेल वाचले म्हणजे कोणीतरी दहा माणसांच्या गाद्या घातल्या. बाहेरचे खाणे वाचले म्हणजे कोणीतरी मध्यरात्री उठून दशम्या भाजल्या. पैसा वाचला तो आकाशातून पडला नाही. तो घरातल्या बाईच्या श्रमातून आला. आपण कारखान्यात जादा काम केले तर ओव्हरटाइमचा हिशेब मागतो. हा ओव्हरटाइम मात्र कोणत्याच वहीत चढत नाही.

गावचे चित्र डोळ्यांपुढे आणा. पुरुष ओसरीवर पत्ते खेळत आहेत, मुले आंब्याच्या झाडाखाली आहेत, आणि झाशीहून आलेली सून दुसऱ्या घरच्या चुलीपुढे उभी आहे. झाशीला ती चार माणसांचा स्वयंपाक करत होती, येथे चौदा माणसांचा करते. त्यातून उन्हाळा हा वाळवणाचा मोसम. पापड, कुरडया, सांडगे, वर्षाचे तिखट-मसाला, सगळे याच दिवसांत. नवऱ्याची रजा सुरू होते त्या दिवशी तिचे काम वाढते. परत आल्यावर तो मित्रांना सांगतो, महिनाभर मजा केली. ती काही सांगत नाही; ती कपड्यांचा ढीग धुवायला बसते.

हे आम्ही भावनेच्या भरात बोलत नाही. केंद्र सरकारने २०२४ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. तिच्यात असे दिसले की, घरची बिनपगारी कामे करणारी बाई त्यांवर दिवसाला २८९ मिनिटे घालवते आणि करणारा पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे एकीकडे पावणेपाच तासांहून जास्त, दुसरीकडे जेमतेम दीड तास. आणि या कामाला रविवार नाही. लोखंड्यांनी १८९० साली जो वार मिळवून दिला तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत अजून पोहोचलेला नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे: सुटीचा खर्च जरूर कमी करावा, पण खर्च कमी करण्यासाठी जे श्रम वाढतात ते सर्वांनी वाटून घ्यावेत. हे साधले तर पाच हजारांतली सुटीही सुखाची होते. हे साधले नाही तर पन्नास हजारांची सुटीही घरातल्या निम्म्या माणसांसाठी बदललेल्या जागी केलेली ड्यूटीच असते.

हे कसे करायचे, ते आता सांगतो.

वर्कशॉपमध्ये, शेडमध्ये आपण पाळ्या लावतो. तशाच सुटीत घरी लावा. कागदावर लिहा आणि भिंतीवर लावा. सकाळचा चहा आणि पाणी भरणे पुरुषांकडे. भाजी निवडणे, ताटे मांडणे आणि उचलणे मुलांकडे, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नको. आठवड्यातून दोन दिवस दुपारचा स्वयंपाक पुरुषांनी करायचा. खिचडी येते, पिठले येते, कांदा चिरता येतो. जे येत नाही ते शिकायला सुटीसारखा वेळ नाही. एक जेवण एकपदार्थी ठेवा. पाहुणे आले की पक्वान्न झालेच पाहिजे, ही सक्ती सोडा. गावी गेलात तर भावाभावांनी मिळून हेच करा. एकट्या पाहुण्याने कंबर कसली तर सासूबाईंना संकोच वाटेल, सगळे पुरुष उठले तर घर बदलेल. वाळवण करायचे असेल तर चार घरांनी एका गच्चीवर एकत्र करा. झाशीच्या उन्हात पापड वाळायला वेळ लागत नाही. पीठ मळायला आणि लाटायला हात लागतात, ते वाढवा.

आणि ज्यांना यंदा गावी जाणे परवडत नाही, त्यांनी मन छोटे करू नये. झाशीत राहूनही सुटी होते. येथे मुख्य अडचण उन्हाची. मे २०२४ मध्ये येथील पारा ४८ अंशांच्याही पुढे गेला होता. अशा उन्हात दुपारी फिरणे म्हणजे आजारपण विकत घेणे. तेव्हा दिवस उलटा मांडा. पहाटे पाचला बाहेर, नऊच्या आत घरी. दुपार घरात. संध्याकाळी उन्हे उतरल्यावर पुन्हा बाहेर. बरोबर माठातले पाणी, कैरीचे पन्हे, गूळ घातलेले सातूचे पीठ आणि कांदा असला की कोणत्याही स्टॉलकडे बघायची गरज पडत नाही.

पहाटेच्या त्या चार तासांत काय काय बघता येते? किल्ला तर गावातच आहे आणि केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. कडक बिजली आणि भवानीशंकर या तोफा मुलांना दाखवा. राणीचा तोफची गुलाम गौस खान याची कबर किल्ल्यातच आहे, तीही दाखवा. शहर वाचवताना कोण कोण खांद्याला खांदा लावून उभे होते, ते मुलांना न सांगता कळेल. राणीमहाल आहे, किल्ल्याजवळचे सरकारी संग्रहालय आहे. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली लक्ष्मीबाईंचे लग्न लागले ते आहे. लक्ष्मी तालाच्या काठी महालक्ष्मीचे देऊळ आणि गंगाधररावांची छत्री आहे. वीस वर्षे झाशीत राहून यातले निम्मे न पाहिलेली माणसे या सभेत आहेत, हात वर करायला लावत नाही.

त्याच्या पुढे ओरछा. अठरा किलोमीटरच्या आत, टेम्पोने जाता येते, माणिकपूर मार्गावर स्टेशनही आहे. तेथे रामाची पूजा देव म्हणून होते आणि राजा म्हणूनही. त्याला पोलिसांची सलामी असते. चतुर्भुज मंदिर, जहांगीर महाल, बेतव्याच्या काठच्या छत्र्या. नदीत उतरताना मात्र सावध राहावे. खडक निसरडे आहेत आणि पाणी दिसते तसे उथळ नाही. पोहता न येणाऱ्या मुलाचा हात सोडू नये. त्याच मार्गावर पुढे बरुआसागर. तेथे जुना तलाव आहे, त्यावरचा किल्ला आहे आणि जराई का मठ हे प्रतिहारांच्या काळचे देऊळ आहे. ग्वाल्हेरच्या बाजूला दतिया. तेथील वीरसिंह देवाचा सात मजली महाल पाहून मान दुखते. ललितपूरच्या बाजूला तालबेहटचा किल्ला आणि तलाव. ही सगळी गावे रेल्वेमार्गावर आहेत. रेल्वे कामगाराने गाड्यांची नुसती दुरुस्ती करू नये, त्यांत बसून जवळची गावेही पाहावीत.

दुपारी काय करायचे, हा प्रश्न राहतो. मुले मोबाइलला चिकटतात आणि मोठे त्यांच्यावर ओरडतात. आम्ही एक उपाय सुचवतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या गरिबीला आणि कर्जाला कंटाळून १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघाले. वाटेत बंडाच्या धुमाळीत सापडले आणि १८५८ च्या वेढ्यात नेमके झाशीत होते. त्यांनी पुढे लिहिलेले 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाले. आपल्या मराठीतले हे पुस्तक आपल्याच गावाचे आहे. दुपारी घरातल्या एकाने ते मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. आणि ज्या जागेचे वर्णन वाचले ती दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन पाहावी. हिंदी शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना मराठी वाचायची सवय लागेल, ती वेगळीच. गोडसे भटजींचा प्रवास पायी आणि रिकाम्या खिशाने झाला. पदरात पैसा फारसा पडला नाही, पण त्यांनी जे पाहिले ते आज आपल्याला उपयोगी पडते आहे. एका पुस्तकाच्या किमतीत पंधरा दुपारी जातात.

एका घराने हे करण्यापेक्षा चार घरांनी मिळून केले तर आणखी सोपे. टेम्पोचे भाडे विभागले जाते, डबे विभागले जातात, मुलांवर लक्ष ठेवायला आठ डोळे मिळतात. आणि एक दिवस असा ठेवा की चार घरांतले पुरुष सगळ्या मुलांना घेऊन ओरछ्याला जातील आणि बायका घरी राहतील. घरी राहून पापड लाटायचे नाहीत, हे आधीच बोलून ठेवा. त्या दिवशी त्यांनी झोपावे, सिनेमा पाहावा, गप्पा माराव्यात किंवा काहीही करू नये. आम्ही काही भगिनींना विचारले की, तुम्हाला सुटीत काय हवे? आम्हाला वाटले होते, काश्मीर म्हणतील. एक बाई म्हणाल्या, सकाळी कोणीतरी आयता चहा आणून द्यावा आणि आज भाजी कोणती करायची, हे कोणी विचारू नये. याला काही खर्च नाही. तरी आजवर किती जणींना हे मिळाले?

काही पुरुष मंडळी कुरकुर करतील, ते आम्हाला माहीत आहे. वर्षभर आम्ही भट्टीपुढे राबतो, सुटीत तरी आराम नको का? आराम जरूर हवा. पाळीत काम करणाऱ्याची झोप, कंबर, कान यांची काय अवस्था होते, ते आम्हाला कोणी सांगायला नको. पण दमलेल्या माणसालाच दुसऱ्याचा थकवा कळायला हवा. आपण साहेबाला सांगतो की, एकाची सुटी म्हणून दुसऱ्यावर डबल ड्यूटी टाकू नका. तोच न्याय घरी लावायचा आहे.

शेवटी एक गोष्ट, जी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. आपल्याच शेजारी, त्याच छताखाली ठेकेदाराचा कामगार काम करतो. त्याला पास नाही, पीटीओ नाही. कायद्याने पगारी रजा त्यालाही लागू आहे, पण हजेरीच्या नोंदी, तुटक नेमणुका आणि काम जाण्याची भीती यांत ती रजा बहुतेकदा कागदावरच राहते. एक दिवस गैरहजर म्हणजे एक दिवसाची रोजी बुडाली, हीच त्याची सुटी. त्याच्या मुलालाही शाळेला सुटी असते आणि शेजारची मुले गावी गेली की तोही रिकाम्या गल्लीत फिरतो. आपल्या सुटीच्या गप्पा त्याला ऐकू येतात, हे विसरू नये.

त्याच्यासाठी दोन गोष्टी करता येतील. पहिली, युनियनने त्याच्या कामाच्या दिवसांची नोंद तपासण्यात त्याला मदत करावी. १८० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस, हा हिशेब त्याच्या हातात कागदावर लिहून द्यावा आणि तो मागताना त्याच्याबरोबर उभे राहावे. दुसरी, आपल्या टेम्पोत त्याच्या मुलांसाठी जागा ठेवावी. स्टाफ बेनिफिट फंडातून कर्मचाऱ्यांच्या मुलांची शिबिरे होतात, ती चांगलीच आहेत. पण ठेकेदाराच्या माणसाची मुले त्या यादीत बसत नाहीत. आपल्या पहाटेच्या सहलीला कोणतीही यादी नाही. वर्गणी ज्याला जमेल त्याने द्यावी, ज्याला जमणार नाही त्याच्याकडे मागू नये.

एवढे सगळे सांगितले, त्यातले यंदा काय करायचे? आम्ही तीनच गोष्टी सुचवतो. आज सभा संपताना दाराशी एक वही ठेवली आहे. ज्या घरांना ओरछा आणि बरुआसागरच्या पहाटेच्या सहलीत यायचे आहे त्यांनी नावे लिहावीत. नवऱ्याचे एकट्याचे नाव न लिहिता घरातल्या सर्वांची लिहावीत. स्वयंपाकाची पाळी घेणाऱ्या पुरुषांसाठी त्याच वहीत वेगळे पान आहे, ते कोरे राहू नये. आणि ठेकेदारीतल्या कामगारांच्या रजेची माहिती गोळा करायला चार कार्यकर्ते हवे आहेत, त्यांनी पुढे यावे. उन्हाळा दरवर्षी येतो, मुलांचे वय मात्र पुढे जाते. हातात पैसा थोडा आहे म्हणून सुटी पुढे ढकलू नका, आणि ती करताना घरातले एकही माणूस ड्यूटीवर ठेवू नका.

 चहा तयार आहे. आजचा चहा पुरुष कार्यकर्त्यांनी केला आहे. साखर कमी-जास्त असेल तर भगिनींनी सांभाळून घ्यावे, पण उठून मदतीला जाऊ नये.